साहेबांचं ‘नाही’

“नाही,” जठार साहेब म्हणाले. “बंधारा उंच होणार नाही.”

पारावर बसलेली सगळी माणसं एकदम माझ्याकडे बघायला लागली. मी इरिगेशन खात्यातला ओव्हरसियर. या गावात माझं जाणंयेणं जुनं, आणि नव्या साहेबांना पहिल्यांदा गाव दाखवायला मीच घेऊन आलो होतो. त्यामुळे साहेब कसा निघाला, याचा जाब गाव मलाच विचारणार हे उघड होतं.

“म्हंजे आते नही, का कव्हयच नही?” नानांनी विचारलं. नाना गावचे मुख्य पंच. धिप्पाड माणूस, डोक्याला लाल पागोटं, आवाज पाटाच्या या काठावरून त्या काठाला सहज जाईल असा.

“कधीच नाही,” साहेब म्हणाले. “तुमचा बंधारा वीतभर वाढवला तर खालच्या गावाच्या पाटात पाणी चढणार नाही. त्यांचा हक्क तुमच्याइतकाच जुना आहे. मी इथं असेपर्यंत हे होणार नाही. माझ्यानंतरही होईल असं मला वाटत नाही.”

एवढं बोलून त्यांनी समोर आलेला गुळाचा चहा शांतपणे संपवला, कपबशी छान होती असं म्हणाले, आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले. ठेंगणी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा, आणि धुळीनं सतत येणाऱ्या शिंका. लांब जाईपर्यंत त्या शिंका ऐकू येत होत्या.

नाना माझ्याजवळ सरकले. “भाऊसाहेब, हाऊ कोठला मानूस शे? ‘देखसूत’ इतलं बी म्हनता येत नही का याले?”

‘बघू’ एवढं तर कुठलाही साहेब म्हणतो. मलाही तोच प्रश्न पडला होता.

ही गोष्ट मोठ्या लढाईच्या काही वर्षं आधीची. तेव्हा आमचं सबडिव्हिजन धुळ्याला होतं आणि माझ्या वाट्याला पांझरेच्या काठची गावं होती. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांना आधी फड म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नदीत आडवा दगडी बंधारा असतो. बंधाऱ्यानं अडलेलं पाणी पाटानं गावाच्या रानात येतं. त्या पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडलेले असतात. एकेका तुकड्याला म्हणायचं फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा वरच्या फडात ऊस, तर तिथं सगळ्यांचा ऊस. खालच्या फडात गहू, तर सगळ्यांचा गहू. कुठल्या फडाला पाणी कधी सोडायचं ते गावचे पंच ठरवतात. जमीन ज्याची त्याची, पण पाणी एकट्याचं कुणाचंच नाही. ही पद्धत सरकारनं घालून दिलेली नाही. सरकार इथं यायच्या कितीतरी आधीपासून ती चालत आली आहे. आमच्या खात्याचं काम बंधाऱ्याची आणि मुख्य पाटाची देखभाल करायचं, आणि पंचांच्या कामात नाक न खुपसायचं. पहिलं काम आम्ही बऱ्यापैकी करत असू. दुसरं जमायला कठीण होतं.

आता जठार साहेबांच्या आधीचे साहेब. माणूस मोठा गोड. गावानं काहीही मागितलं की ते म्हणत, “हो हो, करू की. एस्टिमेट पाठवतो.” एस्टिमेट म्हणजे खर्चाचा अंदाज. तो वर पाठवल्याशिवाय कामाला मंजुरी येत नाही. साहेब एस्टिमेट पाठवतो म्हणत आणि विसरून जात. गावालाही ते ठाऊक झालं होतं. मग गावानं त्यावर आपली युक्ती काढली. लहान गोष्ट हवी असेल तर मोठी मागायची. मोठीसाठी हजारदा भुणभुण लावली की कंटाळून कधीतरी लहान पदरात पडते, हा त्यांचा अनुभव.

बंधारा उंच करण्याची मागणी त्यातलीच. तो उंच होणार नाही हे नानांना पक्कं ठाऊक होतं. खरं दुखणं वेगळंच होतं. पाटाच्या तोंडाशी पाणी अडवायला लाकडी फळी असते. ती कुजली होती. नवी फळी हवी होती. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे बंधारा मागून घासाघीस करत फळीवर उतरायचं, असा बेत. पण घासाघीस करायला समोरचा माणूस थांबायला तर हवा! हा ‘नाही’ म्हणून शिंकत निघून गेला.

पुढच्या फेरीला साहेब आले तेव्हा नानांनी आणखी एक मोठं मागून पाहिलं. गावाला जोडणारा पक्का रस्ता. साहेब म्हणाले, “नाही. रस्ता माझ्या खात्याकडे नाही. मागायचा तर लोकल बोर्डाकडे मागा. माझ्याकडे वेळ घालवू नका.”

मग नाना अगदी पडेल आवाजात म्हणाले, “पाटना तोंडले फळी जोयजे व्हती.”

“फळी ना? हो,” साहेब म्हणाले. “सागाची मिळणार नाही, बाभळीची मिळेल. पुढच्या बाजाराच्या आधी बसवू.”

बाजाराच्या आदल्या दिवशी फळी बसली. गावातली म्हातारी माणसंसुद्धा ती बघायला पाटावर आली. एकानं तर हात लावून पाहिला. फळीचं कौतुक नव्हतं, तशा फळ्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. एखादा साहेब म्हणाला आणि तसंच झालं, हे बघायला ते आले होते.

तरी गाव खूश होतं असं कुणी समजू नये. ‘नाही’ ऐकायला कुणालाच आवडत नाही. गावात त्यांचं नाव ‘नही सायेब’ असं पडलं आणि पोरंटोरं शिंकण्याची नक्कल करायला लागली. मीही घरी बायकोला सांगितलं की या माणसाला नोकरी कळते, माणसं कळत नाहीत.

त्या वर्षी पाऊस लवकर उघडला. दिवाळीला नदीला बऱ्यापैकी पाणी होतं. पौष लागला आणि धार बारीक झाली. बंधाऱ्यावरून सांडणारं पाणी आधी थांबलं, मग बंधाऱ्यामागचा डोह आटत चालला. पाटात येणारं पाणी दोन फडांना पुरेना. वरच्या फडात ऊस, खालच्या फडात गहू, बाकीचे फड तेव्हा रिकामे. गव्हाच्या ओंब्या बाहेर पडलेल्या, दाणा भरायची वेळ. त्या वेळी पाणी मिळालं नाही तर ओंबी वरून गव्हाची दिसते आणि आत फोलपट निघतं.

गावचा जुना रिवाज असा की पाणी कमी पडलं तर आधी गव्हाचं दार, म्हणजे पाटातून त्या फडात पाणी सोडायचं तोंड, बंद करायचं. ऊस बारा महिने सांभाळलेलं पीक, तो मरू द्यायचा नाही. बहुतेकांचे तुकडे दोन्ही फडांत असायचे, त्यामुळे इकडे गेलं तर तिकडे मिळायचं आणि कुणी फार बोलायचं नाही.

पण अक्का बोलली. अक्का म्हणजे खालच्या फडाच्या अगदी शेवटी जमीन असलेली विधवा बाई. तिचा उसाच्या फडातला तुकडा मागच्या एका पुरात नदीनं नेला होता. राहिला होता हा गव्हाचाच. घरात खाणारी तोंडं सात. तो गहू गेला तर वर्षभर काय खायचं, हा तिचा साधा प्रश्न होता. बंधाऱ्यावर पंचांची बैठक भरली तेव्हा ती पदर खोचून मधोमध येऊन उभी राहिली.

“तुमना ऊस जगाडाना आनि मना गहू माराना, हाई कोठला न्याव शे?”

बायका पंचांच्या बैठकीत सहसा बोलत नसत. अक्का बोलायची, आणि बोलली की मुद्द्याचं बोलायची. सगळे नानांकडे बघू लागले. नानांची मोठीच अडचण झाली. गावात सगळ्यात जास्त ऊस त्यांचा. गहू बंद करा म्हणावं तर स्वतःचा ऊस वाचवला असं होणार. ऊस बंद करा म्हणावं तर रिवाज मोडणार, आणि ऊस जाणार तो वेगळाच.

नानांनी जठार साहेबांकडे तोंड वळवलं. मी साहेबांना मुद्दाम बोलावून आणलं होतं. “सायेब, तुम्हीच सांगा. मी सांगं ते लोके म्हनतीन, नानानी सोताना ऊस वाचाडा.”

“नाही,” साहेब म्हणाले.

बैठकीत एक उसासा गेला. मी मान खाली घातली.

“पाणी कुणाला द्यायचं हे पंचांनी ठरवायचं. ते मी सांगणार नाही. मी सांगितलं तर पुढच्या वर्षी तुम्ही पंच कशाला नेमाल?” साहेबांनी चष्मा काढून पुसला. “पण मला दुसरी एक गोष्ट सुचते आहे. नदी वरून कोरडी दिसते, तरी वाळूच्या पोटातून पाणी चालत असतं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला वाळूत चर खणला, आणि तो वाहता करून बंधाऱ्यापर्यंत आणला, तर दोन्ही फडांना थोडं थोडं पाणी मिळेल.”

“पानी लागी का?” नानांनी विचारलं.

“लागेल असं वाटतं. मागं एका ठिकाणी मी हे केलं होतं, तिथं लागलं. दुसऱ्या एका ठिकाणी केलं, तिथं लागलं नाही.”

मी मनात म्हटलं, अहो साहेब, हे दुसरं ठिकाण कशाला सांगायचं!

साहेब पुढे बोलतच होते. “खणणं संपेपर्यंत आहे तेवढं पाणी गव्हाला द्यावं लागेल, कारण गहू थांबणार नाही. ऊस थोडे दिवस तग धरेल. म्हणजे उसाचं दार बंद ठेवायला हवं. खणायला सगळं गाव लागेल.”

“आनि नही लागनं ते?”

“तर उसाचं नुकसान होईल. सरकार त्याची भरपाई देणार नाही. मी मागितली तरी देणार नाही, म्हणून मी मागणारही नाही. माझ्याकडून फावडी, पहारी, घमेली मिळतील. ती खात्याची आहेत पण माझ्या ताब्यात आहेत. उद्या पाठवतो.”

इतका वाईट सौदा मी आयुष्यात कधी कुणाला मांडताना ऐकला नव्हता. दुकानदारानं असं बोलायचं ठरवलं तर संध्याकाळपर्यंत दुकानाला टाळं लागेल.

नाना बराच वेळ वाळूत बोटानं रेघा ओढत बसले. मग उठून उभे राहिले आणि पंचांना उद्देशून म्हणाले, “हाऊ मानूस ‘नही’ म्हनाले भ्यास नही. मंग हाऊ ‘लागी आसं वाटस’ म्हनस, तव्हय याले खरंच वाटत व्हई. मना ऊस बंद करा.”

मला ते वाक्य आजही जसंच्या तसं आठवतं. वर्षभर मी ज्याला साहेबांचा दोष समजत होतो त्याचाच नानांनी आधार घेतला होता. त्या ‘नाही’चं एक गाठोडं गावानं जपून ठेवलं होतं आणि अडीनडीला ते सोडलं होतं. सगळ्यात जास्त ऊस ज्याचा त्यानंच हो म्हटल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येण्याआधी फावड्यांची बैलगाडी नदीत उतरली. कामाची वाटणी फडाच्या पद्धतीनं झाली. ज्याची जमीन जास्त त्याला चराचा लांब तुकडा, ज्याची कमी त्याला आखूड. काठीनं मापून प्रत्येकाच्या हद्दीला दगड ठेवले. पुरुष खणत होते, बायका घमेल्यांनी वाळू काठावर टाकत होत्या. गाणी, थट्टा, भाकरी, ठेचा. जत्रेसारखी गर्दी होती. साहेबांनी बंधाऱ्याच्या जवळचीच जागा दाखवली होती, म्हणजे चर आखूड होईल आणि काम लवकर उरकेल.

एकदा साहेबांना हुरूप आला आणि त्यांनी स्वतःच एक फावडं उचललं. पहिल्याच दणक्याला वाळू नानांच्या धोतरावर गेली. दुसऱ्या दणक्याला फावडं दगडावर आपटलं आणि दांडा मोडला.

“सायेब,” नाना धोतर झटकत म्हणाले, “तुम्ही आंदाजच करा. फावडं आमले द्या.”

सगळी नदी हसली. साहेबही हसले आणि हातातला अर्धा दांडा घेऊन काठावर जाऊन बसले.

अंदाजावर मात्र हसायची वेळ राहिली नाही. कमरेइतकं खोल गेल्यावर वाळू संपली आणि खाली पिवळी चिकण माती लागली. कोरडी ठणठणीत. वाळूच्या पोटातलं पाणी अशा मातीच्या अंगावरून बाजूला निघून जातं. जिथं खणावं तिथं तीच माती. एकेक फावडं थांबत गेलं. गाणं केव्हाच थांबलं होतं. माणसं आपापल्या दगडाशी बसून राहिली आणि वर काठापलीकडच्या उसाच्या फडाकडे बघू लागली. उसाची पानं गुंडाळायला लागली होती.

आता थोडं आमच्या खात्याच्या रीतीबद्दल. खात्याचा अंदाज चुकला की साहेबानं शेतकऱ्यांसमोर ते कधी कबूल करायचं नसतं. “वरून सूचना येईपर्यंत काम स्थगित” असं म्हणायचं, किंवा दोष पावसावर ढकलायचा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला हे शिकायला मिळालं होतं. मी साहेबांच्या कानाशी जाऊन म्हटलं, “साहेब, आज काम थांबवू. उद्या काहीतरी सांगता येईल.”

साहेब चरात उतरले. मातीचा गोळा हातात घेऊन चुरला. हात धोतराला पुसावे तसे पँटला पुसले आणि मोठ्यानं म्हणाले, “माझा अंदाज चुकला. ही जागा चुकीची आहे. चूक माझी आहे. तुम्ही खणलंत ते वाया गेलं.”

अक्का डोक्यावरचं घमेलं खाली ठेवून तशीच उभी होती. तिच्या गव्हाला जेमतेम एक पाणी मिळालं होतं आणि आणखी एक हवंच होतं. नानांनी या क्षणी उसाचं दार उघडलं असतं तर पाटातलं सगळं पाणी वरच्याच फडात जिरलं असतं आणि तिच्यापर्यंत थेंब आला नसता. ती नानांकडे बघत होती. आम्ही सगळेच बघत होतो.

“सायेब, मना ऊस सुकी राहिना,” नाना म्हणाले. “दार उघडू का?”

“उघडा,” साहेब म्हणाले. “तुमचा हक्क आहे. मी अडवणार नाही.”

नाना चराच्या काठावर आले, आत वाकून बघितलं, कोरड्या मातीवर थुंकले आणि अचानक हसायला लागले.

“मांगला सायेब ऱ्हाता ते म्हनता, ‘लागी, लागी, खनत ऱ्हा.’ आम्ही खनत ऱ्हातूत. ऊस बी जाता आनि गहू बी जाता. तुम्ही सांगं ते बरं व्हयनं.” त्यांनी पागोटं नीट केलं. “आते दुसरी जागा दखाडा.”

“दुसरी जागा वर आहे, वळणाशी,” साहेब म्हणाले. “तिथं लव्हाळं अजून हिरवं आहे. चर लांब पडेल, म्हणून मी ती आधी धरली नव्हती. पण खात्री विचाराल तर निम्मी.”

“निम्मी?” अक्का घमेलं उचलत म्हणाली. “मना लगीनमा मना बापले इतली बी खात्री नव्हती.”

त्या हशानं काम पुन्हा सुरू झालं. मला त्या बाईचे उपकार मानावेसे वाटले, आणि नानांचेही. ऊस डोळ्यांसमोर सुकत असताना दार बंद ठेवणं सोपं नाही. पण त्यांनी नंतरही त्याचा गवगवा केला नाही.

वळणाशी खणायला लागलो तशी वाळू काळसर लागली, मग ओली, मग हातात धरली तर गार. गुडघाभर खाली गेल्यावर कडेनं पाझर सुटला आणि बघता बघता तळाशी पाणी साचलं. “पानी उनं! पानी उनं!” असा गलका झाला. एका म्हातारबुवांनी ओंजळ भरून आधी स्वतः पिऊन पाहिलं आणि मग डोळे मिटून डोक्यावर घेतलं. साहेबांना इतक्या शिंका आल्या की बोलता येईना.

पाणी लागलं म्हणजे काम झालं असं नाही. ते बंधाऱ्यापर्यंत वाहत गेलं पाहिजे, आणि त्यासाठी चराला उतार हवा. साहेबांनी तिवईवर लेव्हल लावली. लेव्हल म्हणजे दुर्बिणीसारखं यंत्र. त्यातून बघितलं की कुठली जागा उंच आणि कुठली खोल ते कळतं. मी मोजपट्टीची उभी काठी धरून पाण्यात उभा राहिलो आणि साहेब काठावरून ओरडत राहिले, “वर! खाली! भाऊसाहेब, सरळ धरा, झोपू नका!” चराच्या कडा ढासळू नयेत म्हणून गावानं पळसाच्या आणि निरगुडीच्या फांद्या विणून कूड उभे केले. शेवटी ते पाणी बंधाऱ्यात आलं, नव्या फळीखालून पाटात शिरलं आणि अक्काच्या वावरापर्यंत गेलं. ती वाफ्याच्या बांधावर बसून राहिली होती. पाणी पायाला लागलं तरी उठली नाही. उसाचंही दार त्याच संध्याकाळी उघडलं.

या सगळ्याची बातमी धुळ्याला पोचायला वेळ लागला नाही. वरच्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

“खात्याची अवजारं गावाला कुणी दिली?”

“मी दिली,” जठार साहेब म्हणाले.

“ऑर्डर कुणाची?”

“माझीच. ओव्हरसियरनं फक्त ती पाळली. विचारायचं ते मला विचारा.”

“परवानगी का मागितली नाही?”

“परवानगी येईपर्यंत गहू थांबला नसता.”

वरच्या साहेबांनी समोरचा कागद उलटला. “सगळी अवजारं परत आली?”

“एक फावडं मोडलं.”

“गावकऱ्यांनी?”

“नाही. मी,” जठार साहेब म्हणाले.

वरच्या साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. ते हसत होते की खोकत होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. फावड्याची किंमत जठार साहेबांनी भरली आणि प्रकरण मिटलं. माझ्या अंगावर काही येणार नाही हे मला त्या ‘माझीच’वरच कळलं होतं, आणि त्या दिवसापासून या माणसासाठी मी भर उन्हात पार तिकडे लांब पिंपळनेरपर्यंत चालत गेलो असतो.

गहू वाचला. उसाला ताण बसलाच. गुऱ्हाळात गूळ कमी निघाला. नाना ज्याला त्याला तो चाखायला देत आणि कमी असला तरी यंदा गोडी जास्त आहे असं सांगत. मला तर तो मागच्या वर्षीसारखाच लागला, पण ते मी बोललो नाही.

गहू घरात आल्यावर नाना धुळ्याला आमच्या ऑफिसात आले. रिकाम्या हातानं आले होते. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली.

“गोनी आनी नही, सायेब,” नाना म्हणाले. “तुम्ही घेवाव नहीत, माहीत शे. जेवाले बलावाले उनू. बठ्ठा गाव जेवस त्या दिन. तुम्ही बी या.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “पंक्तीला बसायला रूलमध्ये बंदी नाही, साहेब.” खरं म्हणजे मला रूल ठाऊक नव्हता. खापरावरच्या पोळ्या ठाऊक होत्या. आमच्या खान्देशात पुरणपोळी उलट्या मातीच्या खापरावर भाजतात आणि ती परातीएवढी असते. हातावर झुलवत झुलवत ती मोठी करायची कला बायकांकडे असते, आणि ती संपवायची कला पुरुषांना शिकावी लागते.

बंधाऱ्याजवळच्या आमराईत पंगत बसली. पोळ्या त्या नव्या गव्हाच्या. साहेब एका बाजूला नाना आणि दुसऱ्या बाजूला मी असे बसले. एक पोळी त्यांनी कशीबशी संपवली आणि पानावर हात आडवा धरला. तेवढ्यात अक्का परडी घेऊन आली.

“सायेब, आखो एक.”

“नाही, अक्का. पुरे.”

“काय म्हनतस?”

“नाही म्हणतो. खरंच नाही.”

“मले जराखं कमी आयकू येस,” असं म्हणून अक्कानं त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि दुसरी पोळी वाढली. वर वाटीभर तूप ओतलं. साहेबांनी मदतीसाठी नानांकडे पाहिलं. नानांनी आमराईच्या शेंड्याकडे पाहिलं. मग वरण आलं, भात आला, आणि प्रत्येक वेळी साहेब ‘नाही’ म्हणाले. गावानं वर्षभर त्यांचं एकेक ‘नाही’ ऐकून घेतलं होतं. त्या दुपारी मात्र एकाही ‘नाही’ला कुणी कान दिला नाही.

पुढे माझ्या हाताखाली नवे ओव्हरसियर आले. ते विचारत, गावात मान कसा मिळवायचा? मी त्यांना सांगत असे की लोक उठून उभे राहतात, साहेब म्हणतात, तो मान पगाराबरोबरच येतो, त्याचा फार आनंद मानू नका. पंक्तीला बसल्यावर तुम्ही ‘पुरे’ म्हणता आणि कुणी ऐकतच नाही, असं झालं की समजा, काम बरं चाललंय.